वेगवेगळ्या स्क्रीनसाठी पान रचताना मीडिया क्वेरी शेवटी लिहावी

प्रश्न असा आहे: १२०० पिक्सेल रुंदी धरून केलेले पान संगणकावर व्यवस्थित दिसते, फोनवर मात्र ते आडवे सरकवत वाचावे लागते. त्यावर उपाय म्हणून एकेका फोनच्या मापाची मीडिया क्वेरी (पडद्याचे माप पाहून मांडणीचे वेगळे नियम लावणारी अट) लिहायला घेतली, पण नव्या मापाचा फोन हाती आला की पुन्हा काहीतरी बिघडते. तेव्हा ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलण्याच्या रुंदीचे आकडे, नेमके कोणते ठेवावेत, आणि त्यापेक्षा फोनसाठी वेगळे संकेतस्थळच केलेले बरे का? दोन्हींची उत्तरे पुढे देतो. पण त्याआधी कामाचा क्रम उलटा करावा लागेल, कारण खरी अडचण ब्रेकपॉइंटच्या निवडीत नाही. पान मुळातच ताठ ठेवले आणि त्यावर मीडिया क्वेरीची ठिगळे लावत गेलो, तर त्या ठिगळांना अंत राहत नाही.

कोणतीही सीएसएस (पान कसे दिसावे याचे नियम) न लावलेले साधे एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) ब्राउझरमध्ये उघडावे आणि खिडकीची रुंदी कमी-जास्त करून पाहावी. परिच्छेद आपोआप खालच्या ओळीवर उतरतात, मथळे दुमडतात, याद्या उभ्या वाढतात. मोठी चित्रे आणि रुंद तक्ते सोडले, तर काहीही बाहेर जात नाही. लवचीकपणा हा पानाचा मूळ स्वभाव आहे, आणि ताठपणा आपण ठरावीक पिक्सेलची रुंदी, ठरावीक उंची व ठरावीक जागा देऊन त्यात आणतो. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव रूढ केले, तेव्हा त्यांनी तीन घटक सांगितले होते: प्रवाही ग्रिड (खिडकीप्रमाणे रुंदी बदलणारी कॉलमांची मांडणी), लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी. पहिले दोन घटक नीट जमले, की तिसऱ्याला फारच थोडे काम उरते, असा माझा अनुभव आहे.

सर्वप्रथम पानाच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरून मांडायचे हे ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे की नाही ते तपासावे, कारण तो नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळपास सगळी पाने संगणकासाठी केलेली होती, म्हणून त्यातील सफारी ब्राउझर पानाची रुंदी ९८० पिक्सेल आहे असे धरून ते मांडत असे आणि मग छोट्या पडद्यावर मावेल इतके आक्रसून दाखवत असे. फोनवरचे ब्राउझर टॅग नसलेल्या पानाशी आजही साधारण तसेच वागतात. टॅगमध्ये रुंदी उपकरणाइतकी आणि आरंभीचे प्रमाण १ एवढेच लिहावे. वाचकाला बोटांनी मोठे करून पाहण्यास मनाई करणारे शब्द त्यात कधीही लिहू नयेत. ज्याची दृष्टी अधू आहे त्याच्यासाठी पान वाचण्याचा तोच एक मार्ग असू शकतो.

येथे पिक्सेलचाही एक गैरसमज दूर करायला हवा. सीएसएसमधला पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे. एखाद्या फोनच्या पडद्यावर आडवे १०८० ठिपके असले आणि त्याचे पिक्सेल गुणोत्तर (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे आडवे किती ठिपके) ३ असले, तर सीएसएसच्या हिशेबाने त्याची रुंदी ३६० पिक्सेल होते. मीडिया क्वेरी याच ३६० ला उत्तर देते. फोनच्या जाहिरातीतले आकडे पाहून ब्रेकपॉइंट ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आता मूळ कामाकडे येऊ. सीएसएसच्या फाइलमध्ये पिक्सेलमध्ये दिलेली प्रत्येक रुंदी शोधावी आणि तिची खरोखर गरज आहे का, हे स्वतःला विचारावे. मुख्य चौकटीला रुंदी १२०० पिक्सेल अशी आज्ञा असेल, तर ती काढून कमाल रुंदी तेवढी ठेवावी आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा द्यावी. या एका बदलाने चौकट अरुंद पडद्यावर आपोआप आत येते. उंचीबाबत मी अधिक कडक आहे: ज्या खोक्यात मजकूर आहे, त्याला ठरावीक उंची देऊच नये. वाचकाने अक्षरे मोठी केली, किंवा मजकुराचे दुसऱ्या भाषेत भाषांतर झाले, की तो खोक्याच्या बाहेर सांडतो. फारच आवश्यक असेल तर किमान उंची द्यावी.

कार्डांची, म्हणजे चित्र आणि थोडा मजकूर असलेल्या खोक्यांची, मांडणी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. बरेच जण फोनवर एक, टॅबलेटवर दोन आणि संगणकावर तीन कॉलम अशा तीन मीडिया क्वेरी लिहितात. त्याऐवजी ग्रिडला (सीएसएसमधल्या कॉलम पाडणाऱ्या मांडणीला) एवढेच सांगता येते की प्रत्येक कॉलम निदान १७ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराइतके माप) रुंद असावा, मावतील तेवढे कॉलम कर आणि उरलेली जागा सगळ्यांना सारखी वाट. ऑटो-फिट आणि मिनमॅक्स ही जोडी हे काम एका ओळीत करते. हिशेब करून पाहू. १ रेम १६ पिक्सेल धरला तर १७ रेम म्हणजे २७२ पिक्सेल. दोन कार्डांमधली फट २४ पिक्सेल. चौकट ११०० पिक्सेलची असेल, तर तीन कॉलमांना ८६४ पिक्सेल लागतात आणि चौथ्यासह ११६० होतात, म्हणून तीनच कॉलम होतात आणि उरलेली जागा तिघांत वाटली जाते. चौकट ७०० ची झाली की दोन, आणि फोनवर ३२८ उरली की एक. यात मीडिया क्वेरी एकही नाही आणि कोणत्याही फोनचे नाव नाही. मात्र चौकटच १७ रेमपेक्षा अरुंद झाली तर कॉलम बाहेर जाईल, म्हणून किमान मापाच्या जागी ‘१०० टक्के किंवा १७ रेम, यांतले जे लहान असेल ते’ असे मिन फंक्शन वापरून लिहावे. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरमध्ये ग्रिड उपलब्ध झाले, त्यामुळे ते वापरताना आता बिचकण्याचे कारण नाही.

अक्षरांच्या आकारालाही हाच न्याय लावता येतो. मोठ्या मथळ्यासाठी क्लॅम्प फंक्शनमध्ये (ते माप किमान आणि कमाल यांच्या मध्ये ठेवते) किमान १.७५ रेम, मधले माप १.२ रेम अधिक २.४ व्हीडब्ल्यू (एक व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग) आणि कमाल ३ रेम असे दिले, तर ३२० पिक्सेलच्या पडद्यावर मथळा २८ पिक्सेलचा राहतो, ७६८ वर सुमारे ३८ चा होतो आणि १२०० वर ४८ ला पोहोचून तिथेच थांबतो. मधल्या मापात रेमचा अंश ठेवणे महत्त्वाचे आहे. नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये दिलेली अक्षरे संगणकावर झूम केल्याने मोठी होत नाहीत, कारण झूम केल्यावर सीएसएसच्या दृष्टीने खिडकीच अरुंद होते. परिच्छेदाच्या मजकुराला मात्र असे ताणू नये. त्याचा आकार बहुतेक ठिकाणी सारखाच ठेवावा आणि त्याऐवजी ओळीची लांबी आवरावी. देवनागरी मजकुरासाठी मी परिच्छेदाची कमाल रुंदी ३६ रेमच्या आसपास ठेवतो. ओळींमधले अंतर रोमन लिपीला १.५ पुरते; देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरे, यांची गर्दी होते, म्हणून १.७ च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे.

एवढे करूनही पान फोनवर आडवे सरकतच असेल, तर कोणता तरी एक घटक बाहेर गेलेला असतो आणि तो शोधून काढावाच लागतो. सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्यावी. बॉर्डर देऊ नये, कारण बॉर्डर जागा घेते आणि मांडणी बदलते, आउटलाइन घेत नाही. मग खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करून कोणती चौकट उजवीकडे डोकावते ते पाहावे. दोषी बहुधा ठरलेले असतात: रुंदी न बांधलेले चित्र, एखादा न तुटणारा लांब दुवा किंवा ईमेलचा पत्ता, कोडचा तुकडा, किंवा १०० व्हीडब्ल्यू रुंदी दिलेला पट्टा. हा शेवटचा फसवा आहे, कारण ज्या संगणकावर स्क्रोलपट्टी कायम दिसते तिथे १०० व्हीडब्ल्यूमध्ये त्या पट्टीची रुंदीही धरली जाते आणि पट्टा तेवढाच बाहेर जातो. १०० टक्के लिहिले की प्रश्न मिटतो. लांब शब्दांसाठी ओव्हरफ्लो-रॅप (न मावणारा शब्द मध्येच तोडणारा नियम) वापरावे.

याच शोधात एक कारण असे आहे, जे अनुभवी मंडळींनाही तासन्‌तास चकवते. फ्लेक्स (घटक एका रांगेत लावणारी मांडणी) किंवा ग्रिडच्या आतल्या घटकाची किमान रुंदी मुळात शून्य नसते, ती ‘ऑटो’ असते. म्हणजेच आतला मजकूर जितका कमीत कमी आक्रसू शकतो, त्याच्या खाली तो घटक जायला तयार नसतो. समजा दोन कॉलमांची मांडणी आहे आणि मुख्य कॉलममध्ये कोडचा एक रुंद तुकडा आहे. त्या तुकड्याला स्वतःची स्क्रोलपट्टी देऊनही तो अख्खा कॉलम ढकलत नेतो, कारण कॉलमच लहान व्हायला नकार देतो. त्या कॉलमची मिन-विड्थ (किमान रुंदी) शून्य केली, किंवा ग्रिडमध्ये नुसत्या १ एफआरऐवजी (एफआर म्हणजे उरलेल्या जागेतला वाटा) किमान शून्य आणि कमाल १ एफआर असे मिनमॅक्स लिहिले, की तुकडा आपल्या जागेत बसतो आणि आतल्या आत सरकू लागतो. बॉडीवर, म्हणजे संपूर्ण पानावर, आडवा ओव्हरफ्लो (बाहेर गेलेला भाग) लपवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो करू नये. त्याने दोष तसाच राहतो आणि बाहेर गेलेला मजकूर वाचकाच्या हाती कधीच लागत नाही.

आता ब्रेकपॉइंट. ते कोणत्या आकड्यांवर ठेवावेत याची सर्वांना लागू पडणारी यादी नाही, आणि असू नये असेच मी म्हणेन. पान ३२० पिक्सेलवर नीट बसल्यावर खिडकी सावकाश रुंद करत जावे आणि पानाकडे लक्षपूर्वक पाहत राहावे. कुठे तरी ओळ इतकी लांब होते की नजर पुढच्या ओळीची सुरुवात चुकते. कुठे तरी एका बाजूला उगाच मोकळी जागा पडते. कुठे तरी मेन्यूचे सगळे शब्द एका ओळीत सहज मावू लागतात. त्या त्या रुंदीला ब्रेकपॉइंट द्यावा, मग तो आकडा ६१० असो की ८७०. मेन्यूचा ब्रेकपॉइंट आणि बाजूच्या कॉलमचा ब्रेकपॉइंट एकच असला पाहिजे असेही नाही. बहुतेक पानांना दोन-तीन ब्रेकपॉइंट पुरतात. दहा लागत असतील तर मूळ मांडणीतच काहीतरी ताठ राहिले आहे असे समजावे.

अरुंद मांडणी हीच मूळ धरून किमान रुंदीच्या क्वेरी लिहाव्यात, अशी शिफारस मी करतो. अरुंद पडद्यावरचे पान बरेचसे ब्राउझरच्या स्वाभाविक मांडणीसारखेच, एकाखाली एक, असते; त्यामुळे त्याला नियम थोडे लागतात आणि रुंदी वाढेल तशी भर घालत जाता येते. उलट दिशेने गेल्यास आधी चार नियम लिहायचे आणि मग ते मोडणारे चार नियम लिहायचे, असे दुहेरी काम होते. क्वेरीतले माप पिक्सेलऐवजी एममध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकाराच्या पटीत, द्यावे. ४८ एम म्हणजे नेहमीच्या १६ पिक्सेलच्या अक्षरांना ७६८ पिक्सेल. पण ज्या वाचकाने ब्राउझरमधला अक्षरांचा मूळ आकार २४ केला आहे त्याच्यासाठी तीच क्वेरी ११५२ पिक्सेलला लागू होते. त्याची अक्षरे मोठी असल्याने त्याला अरुंद मांडणीच अधिक काळ सोयीची असते, आणि ती त्याला न मागता मिळते.

पडद्याच्या रुंदीवरून निर्णय घेण्याची एक मर्यादा मात्र खरी आहे. तेच कार्ड मुख्य कॉलममध्ये ऐसपैस असते आणि बाजूच्या कॉलममध्ये अंग चोरून बसते, पण मीडिया क्वेरीला दोन्हीकडे एकच रुंदी दिसते. यासाठी कंटेनर क्वेरी आहे. ती २०२२ मध्ये क्रोम आणि सफारीत आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये आली. कार्डाभोवती एक वेष्टन घालून त्याला कंटेनर जाहीर करावे लागते, आणि मग कार्ड त्या वेष्टनाच्या रुंदीप्रमाणे चित्र वर घ्यायचे की डावीकडे, हे ठरवते. कंटेनर स्वतःच्या रुंदीवरून स्वतःलाच नियम लावू शकत नाही, म्हणून वेष्टन वेगळे हवे. नव्या कामात मी पानाचा एकूण आराखडा मीडिया क्वेरीवर आणि आतले सुटे घटक कंटेनर क्वेरीवर सोपवतो.

चित्रांसाठी कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ऑटो, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण त्याने चित्र फक्त लहान दिसते, उतरवून घ्यावे लागते ते मोठेच. १६०० बाय १००० चे चित्र ८०० बाय ५०० च्या चित्राच्या चौपट ठिपके वाहून आणते. चित्राच्या टॅगमधल्या एसआरसीसेट या गुणधर्मात एकाच चित्राच्या ४८०, ८००, १२०० आणि १६०० रुंदीच्या प्रती द्याव्यात आणि साइझेस या गुणधर्मात ते चित्र पानावर किती जागा घेणार आहे ते सांगावे. साइझेस आवश्यक आहे, कारण ब्राउझर चित्र निवडतो तेव्हा सीएसएसची मांडणी अजून झालेलीच नसते. ते न दिल्यास चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचे आहे असे धरले जाते आणि तीन कॉलमांच्या पानावरही मोठीच प्रत उतरते. एचटीएमएलमध्ये रुंदी आणि उंची यांचे आकडेही लिहावेत. त्यावरून ब्राउझर गुणोत्तर काढून जागा राखून ठेवतो, आणि चित्र उशिरा आले तरी वाचत असलेला मजकूर खाली ढकलला जात नाही. फोनवर न दाखवायचे चित्र नुसते डिस्प्ले नन करून लपवले, तर ते दिसत नाही पण उतरते.

रुंदीवर इतके बोलले जाते की उंचीकडे दुर्लक्ष होते. फोन आडवा धरला की उंची सहज साडेतीनशे-चारशे पिक्सेलवर येते. त्यात वर चिकटलेला ८० पिक्सेलचा शीर्षपट्टा आणि खाली चिकटलेली सूचना असली, तर वाचायला उरते ती फट. अशा वेळी उंचीची मीडिया क्वेरी लावून पट्टा सुटा करावा. १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण पडद्याइतकी, उंची दिलेल्या स्वागतखंडाचे तळाचे बटण फोनवर दिसत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. फोनवरचे ब्राउझर पत्त्याचा पट्टा लपलेला आहे असे धरून १०० व्हीएच मोजतात, आणि पान उघडते तेव्हा तो पट्टा उघडा असतो. तिथे १०० एसव्हीएच वापरावे. ते सर्वांत लहान दृश्य उंची धरते. पट्ट्याबरोबर बदलणारी डीव्हीएचही आहे, पण तिने सरकवताना मांडणी हलते, म्हणून मी ती जपूनच वापरतो.

बोट आणि माउस यांतला फरक रुंदीवरून ठरवू नये. मोठ्या पडद्याचे टॅबलेट बोटाने चालतात आणि लहान खिडकीत उघडलेले पान माउसने. पॉइंटर आणि हॉव्हर या मीडिया क्वेरी नेमके तेच विचारतात. माउस वर नेल्यावरच उघडणारा मेन्यू बोटाने चालवणाऱ्याला बंद दरवाजा ठरतो, तेव्हा तो टिचकीनेही उघडला पाहिजे. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावे यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत दाबण्याच्या जागेचे किमान माप २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे. मी स्वतः ४४ पेक्षा कमी ठेवत नाही. फॉर्ममधल्या रकान्यांची अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील, तर आयफोनवर रकान्याला स्पर्श करताच पान आपोआप मोठे होते आणि वाचक गोंधळतो.

तक्त्यांबाबत एक सल्ला. तक्त्याला फोनवर कार्डांमध्ये मोडण्याची पद्धत आहे, पण ज्या तक्त्यात आकड्यांची तुलना करायची असते त्याचा जीव त्याने जातो. तक्ता आडव्या स्क्रोलच्या वेष्टनात ठेवावा, पहिला कॉलम डावीकडे चिकटवावा आणि वेष्टनाला कीबोर्डने पोहोचता येईल असे करावे. संपूर्ण पान आडवे सरकणे वाईट. एक तक्ता आतल्या आत सरकणे योग्यच आहे.

फोनसाठी वेगळे संकेतस्थळ करू नये. दोन ठिकाणी एकच मजकूर सांभाळताना एक ठिकाण हमखास मागे राहते. कोणाला कुठे पाठवायचे हे ब्राउझरने सांगितलेल्या ओळखीवरून ठरवावे लागते आणि ती ओळख विश्वासार्ह नाही. २०१९ पासून आयपॅडवरची सफारी आपण मॅक असल्याचेच सांगते. शिवाय गूगल आता अनुक्रमणिकेसाठी पानाचे फोनवरचे रूप वाचते, त्यामुळे फोनच्या आवृत्तीतून गाळलेला मजकूर शोधातूनही गळतो.

तपासणीत ब्राउझरच्या साधनांतले फोनचे नमुने उपयोगी पडतात, पण त्यांत खरा कीबोर्ड वर येत नाही आणि पत्त्याचा पट्टा लपत नाही, म्हणून निदान एका साध्या, जुन्या फोनवर पान प्रत्यक्ष हाताळावे. संगणकावर १२८० पिक्सेलच्या खिडकीत ४०० टक्के झूम करावे. ती ३२० पिक्सेलच्या रुंदीइतकीच कसोटी आहे, आणि सुगम्यतेच्या निकषांनुसार तिथे मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. मजकूरही नमुन्याचा ठेवू नये: सर्वांत लांब नाव, सर्वांत लांब मथळा, आणि चित्र नसलेले कार्ड मुद्दाम घालून पाहावे.

हातात असलेल्या पानापुरते सांगायचे, तर ते नव्याने लिहायला घेऊ नये. आधी मेटा टॅग, मग मुख्य चौकटीची कमाल रुंदी, मग चित्रे, मग कार्डांचे ग्रिड, मग बाहेर जाणाऱ्या घटकांचा शोध, या क्रमाने जावे आणि प्रत्येक टप्प्यानंतर ३२० पिक्सेलवर पाहावे. त्यानंतर आधी लिहिलेल्या फोननिहाय मीडिया क्वेरी एकेक करून बंद कराव्यात आणि खिडकी अरुंदपासून रुंदपर्यंत ओढून पाहावी. जी बंद केल्याने काहीच बिघडत नाही, ती कायमची काढून टाकावी. जी बंद केल्याने बिघडते, तिच्यातला आकडा फोनच्या मापावरून हलवून पान जिथे खरोखर मोडते तिथे न्यावा.